रॅम्प पाहिला, नियमाप्रमाणे आहे

४ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
बढतीची बातमी वहिनीकडून कळली. साहेब झालास, आता बहिणीला ओळख देशील ना?

आमचा छापखाना नव्या इमारतीत गेला. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प केलाय, दृष्ट लागावी असा. वर चढलं की कागदाच्या गोदामाचं कुलूपबंद दार, आत तीन पायऱ्या. पुढच्या दारानं दोघं शिपाई मला रोज पोत्यासारखं उचलून नेत. मॅनेजरला म्हटलं, हे चालायचं नाही. तर म्हणतो, मग घरीच बसा. अकरा वर्षं मुद्रितं तपासली, आणि मेल्यानं एका दिवसात काढलं! अपंगांशी भेदभावाला बंदी करणारा कायदा आहे ना? ठोकली तक्रार.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
बारकी

१० जून
चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी परत मिळालीच पाहिजे. पण त्या इमारतीला दाखला दिला कोणत्या गाढवानं? आमच्याच इमारत-तपासणी खात्यातला तपासनीस असणार. नाव कळव, चांगला सरळ करतो.
माया आहे तशीच आहे.
दादा

१७ जून
दादा,
मायना घालायची इच्छा नाही. गाढवाचं नाव कळवते: तूच. मॅनेजरनं तक्रारीच्या उत्तराला दाखल्याची प्रत जोडलीय. खाली तुझी शेपटीवाली सही, बढतीआधी तपासनीस होतास तेव्हाची. तेव्हा इमारत रिकामी होती, आम्ही तिथं येणार हे तुला ठाऊक नव्हतं, मान्य. म्हणजे दुसऱ्या कुणाची बहीण असती तर चाललं असतं? टेप लावून उतार मोजलास, दार ढकलून बघायला हात झडले होते का? सत्तावीसला सुनावणी आहे. या दाखल्यापुढे तक्रार टिकणार नाही, असं वकीलबाई म्हणतात. नोकरी परत मिळाली नाही, तर ती तुझ्या सहीपायी.
लोभाचं नंतर बघू.

२१ जून
चि. बारकीस,
काल जाऊन आलो. उतारात बोटभरही चूक नाही. आमच्या फॉर्मात लांबी, रुंदी, चढ विचारतात. रॅम्प जातो कुठं, हा रकानाच नाही. ही सबब स्वतःला सांगून पाहिली, पटली नाही.

दाखला चुकीचा आहे असं लिहून दिलंय. सत्तावीसला तुझ्या बाजूनं साक्षीला येतो. बढती जाईल, चौकशी लागेल. वहिनी रडली, मग म्हणाली, जा. तुझी माफी मागायला मला तोंड नाही.

माझ्या सहीचे असे एकशे बारा दाखले आहेत. छापखान्यातून निघालो तो तसाच त्यांतल्या एका शाळेत गेलो. तिथला रॅम्प भिंतीपाशी संपतो.
राग आहे तसाच ठेव, कमी करू नकोस.
दादा