आईबाबा जन्मण्यापूर्वीचा पुरावा

रोहणा (तालुका आर्वी),
बुधवार, दुपार

तीर्थरूप प्रभाकरमामा यांस,

आपली भाची वर्षाली हिचा दोन्ही हात जोडून आणि (पत्रातून शक्य तितके) वाकून नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, गुडघा मांडी घालू देत असेल आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून सात दिवस मौन पाळण्याचा आपला संकल्प निर्विघ्न चालू असेल, अशी आशा करते. आपला फोन बंद आहे हे मला ठाऊक आहे. तो चालू असता तरी मला त्यावर धड बोलता आले नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. येथे आई खुशाल आहे, गाय खुशाल आहे, हरभऱ्याला घाटे धरले आहेत. बाबांविषयी पुढे सविस्तर लिहिते, कारण हे पत्र त्यांच्याविषयीच आहे, आणि थोडेसे आपल्या अपराधाविषयीही. (‘अपराध’ हा शब्द मी तीनदा खोडला. चौथ्यांदाही तोच सुचला. क्षमा असावी.)

ग्रंथालय लिपिकाच्या परीक्षेत मी जिल्ह्यात पहिली आले, हे वृत्त आपल्याला आईने त्याच दिवशी चार वेळा कळवले होते. त्यानंतरची अट मात्र तिने कळवली नसावी. जात पडताळणीचा प्रस्ताव दाखल केल्याची पावती मला येत्या शुक्रवारी सायंकाळपर्यंत सादर करावयाची आहे. न केल्यास ती खुर्ची, ती कपाटे आणि त्या कपाटांतील अकरा हजार पुस्तके यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे जातील. प्रस्तावाचे सर्व कागद तयार आहेत. केवळ वंशावळीचे प्रतिज्ञापत्र राहिले आहे, आणि त्यावर सही बाबांची लागते. बाबा सही करीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, आपण कोण आहोत याची त्यांना पुरेशी खात्री उरलेली नाही.

हे कसे घडले, ते क्रमाने सांगते. (क्रम सोडला की माझा जीव घाबरा होतो.) दिवाळीनंतर मी पिपरी मेघेला आपल्याकडे आले होते, ती एका व्याधीवर उपाय विचारायला. कोणत्याही खिडकीसमोर उभी राहिले की माझी वाचा बसते. बँकेत मी पैसे काढण्याऐवजी दोनदा नुसता नमस्कार करून परतले आहे. आपण सांगितलेत की झेन परंपरेत गुरू शिष्याला एक प्रश्न देतात, त्याला कोआन म्हणतात. तो बुद्धीने सुटत नाही. तो भांडी घासताना, केर काढताना, बसची वाट पाहताना सोबत बाळगायचा असतो. आणि मग आपण मला विचारलेत: तुझे आईवडील जन्मण्यापूर्वी तुझा मूळ चेहरा कोणता होता?

मामा, आजवर मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या तरी पाठाखाली होते. मी प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप यांसह आपल्याला नऊ उत्तरे पाठवली. त्यांतले एक उपनिषदांवर होते, एक अनुवंशशास्त्रावर आणि एकाला तर मी आकृतीही काढली होती. आपण प्रत्येक उत्तराखाली ‘नाही’ एवढेच लिहून परत केलेत. मी रडले नाही (थोडीशी रडले), पण निश्चय केला की आता विधिवत बसायचे. आमच्या घरात मोकळी भिंत नाही, म्हणून मी रोज सकाळी चाळीस मिनिटे तुरीच्या पोत्यांकडे तोंड करून बसू लागले. चौथ्या दिवशी आईने माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून टाकल्या. शेजारच्या कौशल्याबाईंना ती सांगत होती, “पोट्टी पोत्यायकडे पाहून राह्यली न बाई. पहिला नंबर बाधला तिले.” कौशल्याबाईंनी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे नावगाव विचारून घेतले. करणीचा संशय त्यांना सर्वप्रथम तिकडेच आला.

शेवटी बाबाच येऊन पोत्यावर बसले आणि म्हणाले, “काऊन वो, परीक्षा त झाली. आता कायचा अभ्यास करून राह्यली?” त्यांच्याशी मी खोटे बोलू शकत नाही. (खरेही फारसे बोलत नाही.) मी प्रश्न सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, डोक्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाले, “एवढंच? आईबाप जन्मायच्या आंधीचं? ते त कोतवाल बुकात भेटते. उद्या आर्वीले जातो.”

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोतवाल बुक म्हणजे जुन्या काळी गावातल्या जन्ममृत्यूंची ज्यात नोंद होई ती वही, आणि जुना पुरावा म्हणून पडताळणीला तिची नक्कल लागतेच. म्हणजे आपण आणि शासन, दोघांनी मला एकाच सुमारास एकच गोष्ट मागितली होती. बाबांना ही मोठी सोय वाटली. एका फेरीत दोन्ही साहेबांचे काम होईल, असे ते बसमध्ये चढताना म्हणाले. (दुसरे साहेब म्हणजे आपण.)

आर्वीहून ते परतले तेव्हा नक्कल पिशवीत नव्हती, हातात होती. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील तानबाजी, यांच्या जन्माची नोंद सापडली होती. पणजोबा नत्थू, जात कुणबी, सर्व यथासांग. मात्र नोंदीत लिहिले होते, ‘दोन मुलगे, जुळे’. आणि त्याखाली नऊ दिवसांनंतरच्या तारखेची दुसरी नोंद होती, ‘नत्थूचा एक मुलगा मयत, ताप’. नाव कोणाचेच नव्हते, कारण बारसे व्हायला तीन दिवस शिल्लक होते. आजोबांना जुळा भाऊ होता, हे आमच्या घरात आजवर कोणालाही ठाऊक नव्हते. स्वतः आजोबांनाही नसावे.

कार्यालयातल्या बाबूंनी बाबांची समजूत घातली म्हणे, “काका, दोन्ही पोरं नत्थूचेच, जात बी एकच. तुमाले कोनताबी चालते.” बाबा त्यांना म्हणाले, “कोनताबी कसा चालन जी? एक मेला ना.”

त्या दिवसापासून, मामा, आमचे घर बिघडले आहे. दुसऱ्या दिवशी चहा घेताना बाबा एकाएकी बशी खाली ठेवून म्हणाले, “नाव जगला त्याले भेटलं. दुसरा जगला असता त तानबा तो असता. मंग माहा बाप कोन? नाव, का ते पोरगं?” आणि माझ्याकडे पाहिले. मी पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा होती. मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. शनिवारी ते गव्हाचे ओलीत करायला गेले आणि पाइप हातात धरून असे उभे राहिले की आमचे पाणी धुरा, म्हणजे बांध, ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात गेले. शेजाऱ्याने हाक मारली, “रूपरावजी, झोपले काय उभ्यानं?” तर ते म्हणाले, “नाई गा. इचारून राह्यलो.” काल गायीची धार काढताना मध्येच थांबले. गायीने वाट पाहिली आणि मग लाथ मारली.

आता जे लिहिते ते लिहिताना लाज वाटते. मी चाळीस मिनिटे पाठीचा कणा ताठ ठेवून बसते आणि प्रत्यक्षात अर्जाच्या सोबतपत्रांची यादी म्हणत असते. बाबांना बसणे म्हणजे काय हे ठाऊकही नाही. त्यांच्या पाठीला बाक आहे. आणि आपण ज्याला ‘महासंशय’ म्हणता, ज्याच्यासाठी साधक वर्षानुवर्षे बसतात, तो त्यांना धुऱ्यावर उभ्या उभ्या झाला. कोआन माझा होता. तो त्यांनी नेला. मला त्यांची काळजी वाटते, पावतीची वाटते, आणि ते माझ्या पुढे निघून गेले असतील याचीही वाटते. या तिन्हींतली मोठी कोणती, हे कृपया मला विचारू नये.

परवा आर्वीच्या अर्जनविसांनी प्रतिज्ञापत्र टंकून दिले. नत्थू, त्याखाली तानबा, त्याखाली रूपराव, त्याखाली मी, प्रत्येक नाव एका चौकोनात. शेवटी ठरलेली ओळ: ‘वरील वंशावळ माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व खरी आहे.’ बाबांनी लेखणी हातात घेतली, ओळ वाचली आणि लेखणी परत ठेवली. “पूर्न नाई न हे,” ते म्हणाले, “एक पोरगा राह्यला.” अर्जनवीस म्हणाले, नाव सांगा, टाकतो. नाव नाही. नावाशिवाय संगणक चौकोन घेत नाही. कोणतेही एक ठेवून द्या, असेही त्यांनी सुचवले. त्यावर बाबा म्हणाले, “नव्वद वर्सांनं बारसं करू काय त्याचं, तुमच्या मशिनीसाठी?” आणि आम्ही परत आलो.

आई कोणाशीच बोलत नाही. फक्त आपल्यासाठी तिने निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते: “माह्या भावाले सांग, दिवाळीले साडी देत जाय म्हना. प्रश्न नोको देऊ.”

कळावे, लोभ आहेच. तो या पत्रानंतरही राहावा.

आपली आज्ञाधारक भाची,
वर्षाली रूपराव काळबांडे

ता. क. १. हे पत्र खुशालीचे नाही, हे आपण ओळखले असेलच. विनंती अशी की मौन न मोडता एका चिठ्ठीवर ‘रूपराव यांनी सही करावी’ एवढेच लिहून ती कोणत्याही बसबरोबर पाठवावी. प्रश्न आपला असल्यामुळे सुटका करण्याचा अधिकार आपलाच आहे, असे बाबा मानतात. मात्र त्या चिठ्ठीत ते उत्तीर्ण झाले असे कोठेही सूचित होऊ नये, ही दुसरी विनंती. (ती पहिलीपेक्षा लहान नाही.)

ता. क. २. शुक्रवार, वर्धा, पडताळणी कार्यालयाबाहेरचा बाक. वरील दोन्ही विनंत्या रद्द समजाव्यात. पत्र टाकायला उशीर झाला, कारण काल सकाळी असे घडले. बाबा खाटेवर बसले होते, समोर प्रतिज्ञापत्र होते. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज उच्चारत नाही. एकतीस वर्षांत आईने बाबांना ‘अवं, आयकलं काय’ याखेरीज हाक मारलेली नाही. ती पिठाच्या हातांनी दारात आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “रूपराव!” “ओ!” म्हणून बाबा ताडकन उभे राहिले. आई म्हणाली, “ज्यानं ओ देल्ली, त्यानंच सही करा. बाकीच्यायचं संध्याकाळी पाहू.” आणि आत जाऊन तिने भाकरी उलटली. भाकरी करपली नव्हती.

बाबा खूप वेळ हसले. मग आर्वीला जाऊन त्यांनी प्रतिज्ञापत्रावर तानबांच्या शेजारी स्वतःच्या हाताने एक चौकोन काढला, नत्थूपासून त्याला रेघ जोडली, तो रिकामा ठेवला आणि खाली सही केली. अर्जनविसांनी कपाळाला हात लावला.

आज मी एकटीच आले, कारण बाबांना ओलीत होते. खिडकीतल्या बाबूंनी कागद चाळले, त्या पानावर थांबले आणि विचारले, “मॅडम, हा चौकोन रिकामा कसा? नाव राहून गेलं काय?” माझ्यामागे रांगेत बरीच माणसे होती. त्या क्षणी मला एकही मुद्दा आठवेना. मी म्हणाले, “तो माझ्या आजोबांचा भाऊ आहे. नऊ दिवसांचा होता. त्याचे नाव ठेवायचे राहिले, लिहायचे राहिलेले नाही.” हे बरेच मोठ्याने झाले असावे, कारण रांगेतली माणसे वाकून पाहू लागली. बाबूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा चौकोनाकडे पाहिले आणि शिक्का मारला. पावती नेमणुकीच्या कार्यालयात पोहोचवून, परत याच बाकावर येऊन आता हे लिहीत आहे.

हे उत्तर नव्हे, हे मला ठाऊक आहे. कृपया यावर ‘नाही’ असे लिहून परत पाठवू नये. पिपरी मेघे येथून जवळच, म्हणून हे पत्र मी स्वतःच आपल्या दाराखालून सरकवणार आहे. घंटी वाजवणार नाही. परंतु आमची बस साडेपाचची आहे, म्हणून तोपर्यंत पायरीवर बसेन. आपण दार उघडू नये. उघडलेच, तर काही विचारू नये. चहा चालेल, सकाळपासून पोटात काही नाही.