भेगेवरची काच

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा गुडघा बरा आहे. शाळेची भिंत बरी नाही. चौथीच्या वर्गात फळ्याशेजारी छतापासून जमिनीपर्यंत भेग गेली आहे. गवंड्याने तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि खाली तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकेल, म्हणाला. नऊ दिवसांत तडकली. दुसरी लावली आहे. वर्गात एकेचाळीस मुलं, आणि दुसरी खोली नाही. दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्यांदा पाठवलाय. शाळेचा फोनही बंद केलाय, तेव्हा बातम्या पत्रानेच.

देशाच्या उत्पन्नातला शिक्षणाचा वाटा माझा भाऊ काढतो, असं मी इथे मिरवत असते. लहानपणी वाटणी करताना मोठा तुकडा स्वतःकडे ओढायचास, ते सांगत नाही. तेवढा आमचा अर्ज कुठे अडकलाय बघ.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

१९ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस, सा. न. वि. वि.

ते तुकडे तू जन्मभर काढणार. असो.

यंदाचा वाटा काढला. गेल्या वर्षी शंभरात तीन होता, आता साडेतीन. साहेबांनी पाठ थोपटली. मी त्यांना सांगितलं की शाळांना जास्तीचं काही दिलेलं नाही, देशाचं उत्पन्नच घटलंय. सदरा आटला की खिसा मोठा दिसतो, तसं आहे. हेच मी तळटीपेत लिहिलं. तळटीप कोण वाचतं, असं म्हणून त्यांनी ती काढायला लावली. मी काढली. खाली सही माझी आहे.

तुझा अर्ज सापडला. त्यावर शेरा पडलाय: वाटा वाढला असल्याने वेगळ्या दुरुस्तीची गरज नाही.

मुलांना त्या खोलीत बसवू नकोस.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
धाकटा

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझा आकडा पोचला. चकचकीत कागद, हातभर अक्षरं. प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी लावायचा हुकूम आहे. तपासनीस स्वतः आले आणि शिपायाकडून खळ लावून घेतली. तिथे काच आहे, असं मी म्हटलं. भिंत जरा बरी दिसेल, म्हणाले. भेग, काच, तारीख, सगळं साडेतीनखाली गेलं.

मी मुलांना पटांगणात बसवलं. तपासनीस लेखी हुकूम घेऊन परत आले. सोमवारपासून वर्ग खोलीत भरला नाही, तर भरवणाऱ्या दुसऱ्या बाई येतील, म्हणाले.

आपल्या दोघांत रागाचं काही नाही.
ताई

९ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस, सा. न. वि. वि.

तळटीप पुन्हा घातली आणि कागद थेट वर पाठवला. उत्तर नाही. माझं टेबल मात्र जिन्याखाली हलवलं आहे. तू आजारपणाची रजा टाक आणि इकडे ये. खोली झाडून ठेवली आहे.

ये, एवढंच मागणं.
धाकटा

१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

रजा टाकली तर दुसऱ्या बाई मुलांना आत बसवतील. त्यांना काच माहीत नाही.

हुकूम पुन्हा वाचला. वर्ग खोलीत भरवावा, शिक्षिकेने फळ्यापाशी असावं. मुलं कुठे असावीत ते लिहिलेलं नाही. तुम्हा लोकांना मुलं आठवत नाहीत, हे एकदा तरी कामी आलं. मी आत उभी राहते. मुलं समोरच्या खिडक्यांबाहेर, भिंतींपासून लांब. ओरडून शिकवावं लागतं, घसा बसलाय. मुलांना गंमत वाटते.

काल भागाकार चालू असताना कागदामागे बारीक आवाज झाला. बाहेर कुणाला ऐकू गेला नाही. मी उदाहरण पूर्ण केलं.

आज साडेतीनच्या मधोमध कागद उभा फाटला आहे. बोट घालून पाहिलं. पलीकडून वारा येतो.

खोली झाडलेली असू दे. उद्या पाढे घ्यायचे आहेत.
ताई