पानावरचे साडेदहा वडे

भाद्रपद वद्य षष्ठी, अकोला. संध्याकाळ.

तेल्हाऱ्याहून येऊन तास झाला. ते वडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

शांताबाईंच्या नवऱ्याचं श्राद्ध आठ वर्षं मीच करतो. पितरांच्या पानावर जेवतोही मीच, आणि दरसाल बारा वडे खातो. म्हणून बाईंनी आज एकदम बाराच वाढले. गेल्या साली बोंडअळीनं सगळी कपाशी खाल्ली, तरी बारा! मी दीड वड्यावर थांबलो. सहा महिन्यांपूर्वी वजनासाठी जठर कापून लहान करून घेतलंय. आणखी एक घास घेतला असता तर पानावरच उलटी झाली असती.

"काहून महाराज, बिघडले काय वडे?"

"नाही हो बाई, उत्तम झालेत. तृप्त झालो."

ऑपरेशनचं का नाही सांगितलं? पोट कापलेल्या ब्राह्मणाला श्राद्धाला कोण बोलावणार, ही भीती. दुसरं काय! निघताना आमच्या हिनं बजावलंही होतं, आधीच सांगून टाका म्हणून.

बाईंनी पान उचलून गोठ्यात नेलं. मी ओसरीत चपला घालत होतो. साडेदहा वडे गाईपुढे ठेवून त्या सुनेला म्हणाल्या, "हे गेले त्या दिवशीबी असेच रागानं भरल्या पानावरून उठले होते. ह्यांचा राग काही गेला नाई, पोरी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. गोठा दहा पावलांवर होता. एसटी चुकेल, असं मनाशी म्हणत निघालो.

एसटी पाऊण तास आलीच नाही. पाऊण तास मी स्टँडवर नुसता बसून होतो.