राहिलेलं आमेन

३ मार्च
आजही फोल्कमार जेवताना टेबलावर बोटं वाजवत होता. विचारलं, सूपला मीठ बरोबर आहे ना? तर म्हणे, "अगं, किती घाईत विचारलंस! आधी जरा थांबावं." बावीस वर्षांच्या संसारात आता माझ्या बोलण्यालाही ताल हवा! ही सगळी त्या हेन्रिकेची शिकवण. त्याच्या नव्या नाटकाची संगीतकार. नाटकात गाणं एकच — आणि बाई दिवसभर तालमीला!

५ मार्च
डबा घेऊन तालमीला गेले. शिळ्या पावाचे उकडलेले गोळे आणि कोबी. नवरा दिग्दर्शक, तेव्हा रंगमंचाकडे बघत असेल असं वाटलं होतं. हा रंगमंचाकडे पाठ करून, डोळे मिटून बसलेला! शेजारी ती. दोघं नुसते ऐकत होते. बारा नट स्टेशनवर गाडीची वाट बघतायत — कोणी कप ठेवतो, कोणी खोकतो. सगळं मोजूनमापून.
"तिसरी खुर्ची उशिरा सरकली," हा म्हणाला.
"अर्धा श्वास," ती म्हणाली.
आणि दोघं एकदम हसले.
माझ्याबरोबर असा कधी हसला होता? आठवेना. डबा दाराशी ठेवून परत आले.

८ मार्च, रविवार
चर्चमध्ये एकटीच. लग्नाआधी आम्ही दोघं इथल्याच गायकवृंदात होतो. अकरा वर्षांपूर्वी त्याची आई गेली, दफनाच्या प्रार्थनेशेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं, हा गप्प राहिला. तेव्हापासून गप्पच. चर्चची पायरीसुद्धा चढला नाही. त्याने पुन्हा आमेन म्हणावं, रोज देवाकडे तेवढंच मागते.
आज मात्र मध्येच हेन्रिके आठवली. देवा, तिचा घसा बसू दे — थोडाच!

११ मार्च
बसला! आणि फोल्कमार माझी मधाची नवी बाटली फोडून तिला काढा घेऊन गेला.

१४ मार्च
नाटकाच्या शेवटी सगळे संध्याकाळचं स्तोत्र गातात, लहानपणापासून आपण गातो तेच. त्यातलं शेवटचं आमेन गाळलंय! अर्थात तिचीच कल्पना.
मी फोल्कमारला म्हटलं, "हे म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं झालं."
"तेच तर हवंय! सूर लटकत राहिला पाहिजे. लोक अस्वस्थ होऊन घरी जाऊ देत."
शब्दसुद्धा तिचेच.

२० मार्च. पहिला प्रयोग.
काय करून बसले! तिसऱ्या रांगेत होते. स्तोत्र थांबलं. शांतता. आणि माझ्या तोंडून आमेन! चांगलं मोठ्याने, गाऊन. मुद्दाम नाही, देवाशपथ — जन्माची सवय! पण मागून आमच्या ग्योर्लिट्स गावच्या सगळ्या म्हाताऱ्या उठल्या की! वरच्या बाल्कनीतूनसुद्धा — आमेन, चार सुरांत.
घरी येताना तो भराभर माझ्या पुढे चालत राहिला.

२१ मार्च
सकाळीच हेन्रिके दारात. वाटलं, भांडायला आली.
"रोझविटाबाई, रोज याल का? त्याच खुर्चीवर. स्तोत्र थांबलं की सात श्वास मोजायचे, मग आमेन."
मागून फोल्कमार, "अगं, इतकं नेमकं पडलं! सहा आठवडे हेच तर शोधत होतो आम्ही."
आम्ही! पण शेवटी मिळालं कोणाकडे? तिला कॉफी चांगल्या कपात दिली. बघू दे!

२२ मार्च, रविवार
प्रयोगात सात मोजले, आमेन म्हटलं. हेन्रिकेने मान डोलावली. फोल्कमारने अंगठा दाखवला. फुगून घरी आले.
प्रार्थनेला गुडघे टेकले. शेवटी आमेन येईना — मी मोजत होते. एक, दोन, तीन... नवरा नेला तो नेला, हेही नेलं बाईने!

२४ मार्च
आज ओठ घट्ट मिटून बसले. सात श्वास झाले. दहा झाले. विंगेतून हेन्रिके हात हलवत राहिली. म्हाताऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या.
मग सर्वांत मागून, अंधारातून, एकट्याच पुरुषाचा आवाज — आमेन.
फोल्कमार. साफ बेसूर.