रमशाचा भोपळा स्टॉकमध्ये आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
रमशाला आज सहा महिने पूर्ण. डॉक्टर म्हणाले, वजन जरा मागे आहे, वरचं अन्न सुरू करा, तीन आठवड्यांनी आणा. मदीहाचा चेहरा पडला. एक डिसेंबरला तिची रजा संपते. पोरीने वजन धरलं नाही तर राजीनामा देईन म्हणाली. आठ वर्षं सायन्स शिकवतेय, मोठ्या मुश्किलीने पर्मनंट झाली. मी म्हटलं, खाण्याचं डिपार्टमेंट माझ्याकडे. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये चार हजार आयटम सांभाळतो, एक पोर म्हणजे काय! अम्मी उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
बर्फाचे सहा ट्रे, स्टिकर, मार्कर आणले. भोपळा, गाजर, सफरचंद. वाफवलं, मिक्सरला फिरवलं, ट्रेमध्ये ओतलं. ८४ क्यूब. प्रत्येक ट्रेवर तारीख. मिक्सरचं झाकण एकदा उडालं. छतावरचा भोपळा उद्या पुसणार.

६ नोव्हेंबर
पहिला चमचा. रमशाने थुंकला. ड्युटीच्या शर्टावर.
कारण सापडलं: चमचा स्टीलचा होता. मऊ सिलिकॉनचा ऑर्डर केला.
छत राहिलं.

९ नोव्हेंबर
सिलिकॉनचा चमचा. जास्त लांब थुंकला. पण पकड चांगली आहे.
अम्मी म्हणाली, ताजं गरम करून दे की. मी तिला फ्रीजिंगमागचं शास्त्र समजावलं, साधारण पंधरा मिनिटं. ती तांदूळ निवडत हो हो म्हणत होती. जुन्या लोकांना समजावून सांगितलं तर ऐकतात.

१२ नोव्हेंबर
सक्सेस!! सकाळी माझ्या हातून खात नाही, पण दुपारी मी ड्युटीवर असताना अम्मी भरवते, तेव्हा वाटीभर खाते म्हणे. ट्रे मोजले. रोज तीन-चार क्यूब संपतायत. म्हणजे माल चांगला आहे, फक्त टायमिंगचा प्रश्न होता.
गोडाऊनमधल्या प्रितमच्या बायकोला सातवा महिना आहे. त्याला सगळी सिस्टीम सांगितली. तो म्हणाला, एजाजभाई, पहिले बच्चा तो होने दो. असा कॅज्युअल ॲटिट्यूड बरा नव्हे.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी नऊ ते दुपारी दोन लाइट नाही. सगळे ट्रे वितळले. मी पुन्हा गोठवणार होतो, तेवढ्यात मदीहाने सायन्सच्या आवाजात विचारलं की एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून पोरीला द्यायचं आहे का. मला ते माहीत होतंच. ४१ क्यूब सिंकमध्ये. बघवलं नाही.
लगेच नवी बॅच. या वेळी बीट. मदीहाचा पांढरा कुर्ता आता पांढरा नाही. आज छत पुसणार होतो, पण मूड नव्हता.

१९ नोव्हेंबर
रमशाचे गाल भरलेत. बीटचा इफेक्ट तीन दिवसांत दिसतो हे कुठेच वाचलं नव्हतं. नोंद करून ठेवतो.
हल्ली घरातली डाळ गोडसर लागते. रंगही वेगळा. अम्मीला विचारलं, तर म्हणाली, नवी डाळ आहे. दुकान बदलायला हवं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
वजन साडेचारशे ग्रॅमने वाढलं. मदीहाला रडू आलं. मी डॉक्टरांना सिस्टीम सांगायला घेतली. बॅचपर्यंत आलो होतो, तेव्हा ते म्हणाले, भरवून दाखवा जरा. मी डबा नेलाच होता. भोपळा-गाजर मिक्स, माझा बेस्ट माल. रमशाने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि भोकाड पसरलं. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावू लागले.
मग अम्मीने पिशवीतून छोटा डबा काढला. मुगाची डाळ आणि तांदूळ घोटून, वर तूप. बोट जवळ जायच्या आधीच तोंड उघडलं. अख्खा डबा संपला.
डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं: आजी देतात तेच चालू ठेवा.
रिक्षात विचारलं, हे कधीपासून? पयल्या दिवसापासून, अम्मी म्हणाली. मग माझे क्यूब? डाळीत. कुणाच्या डाळीत? तुझ्याच.
मदीहाला माहीत होतं. ती अंजूरफाट्यापर्यंत हसत होती. इतकं हसताना मी तिला सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं, म्हणून डाळीचा विषय तिथेच सोडला.
घरी आल्यावर अम्मीला एवढंच विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, किती हौसेने करत होतास रे.

१ डिसेंबर, सोमवार
मदीहा ड्युटीवर गेली. दोनदा जिन्यातून परत आली, तिसऱ्यांदा गेली.
मी सुपरव्हिजनसाठी सुट्टी टाकली होती. अम्मीने हात धुवायला लावले, समोर बसवलं, वाटी दिली. घाई करू नको, म्हणाली, आधी तिला तुझ्याकडे बघू दे. रमशाने बघितलं, बराच वेळ. मग एक घास. दुसरा. तिसरा. नंतर अम्मीकडे हात केले, आणि उरलेली वाटी अम्मीने संपवली.
तीन घास. चौथा हनुवटीवरून ओघळला, पण थोडा आत गेला असणारच.
मदीहाला मेसेज केला: माझ्या हातून साडेतीन.