केनवडच्या सभेतलं वाक्य

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठल्याही सभेत माईकसमोर उभा राहिलो की आधी तुम्ही आठवता. तुम्ही रिठदच्या सरकारी दवाखान्यात नर्स होतात आणि मी तिथल्या शाळेत मास्तर, पुस्तकांवर पोसलेला, देवाधर्माशी उभं भांडण मांडलेला. अशा माणसाला तुम्ही तंत्राची दीक्षा दिलीत. तुमच्याकडे ना कवट्या होत्या ना स्मशान. सकाळी स्टोव्हवर सुया उकळायला ठेवायच्या आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत उघड्या डोळ्यांनी मनात मंत्र चालवायचा, ही तुमची साधना. पदर सारखा केल्यासारखी बोटं कपाळ, गळा, छातीवरून फिरत. तो न्यास आहे, शरीरातच देवीला जागा देणं आहे, हे दवाखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. "देवी आंगात येत नाई भाऊ, ते आंगातच असते. आपनच घरी नसतो," असं तुम्ही मला म्हणाल्या होतात.

मला ओढलं ते मात्र तुमच्या स्वयंपाकघरातल्या अष्टमीनं. दर अष्टमीच्या दुपारी तिथे आम्ही गोल बसायचो: गावातल्या मोठ्या जमीनदार घरची एक विधवा बाई, एक बौद्ध मजूर आणि त्याची बायको, तुम्ही आणि मी. सगळ्यांची एकच परात. साधकांच्या अशा गोलाला तंत्रात चक्र म्हणतात; चक्रात बसलेल्याला जात नसते, उठल्यावर ज्याची त्याला परत मिळते, असं मी कुठेसं वाचलं होतं आणि मोठ्या अभ्यासूपणे तुम्हाला ऐकवलं. तुम्ही भाकर मोडत विचारलंत, "उठल्यावर परत घ्याचीच हाये, तं बसाचं कायले?" विधवा बाई म्हणाली, "याले परातीत पुस्तकच वाढा." मजूर हसता हसता ठसकला. जात मोडा म्हणणारी माझी सगळी भाषणं जे मागत होती ते तिथे रोजच्या वरणाबरोबर चाललं होतं. तुमचा नियम एकच होता. "हे बाहेर बोलाचं नाई. बोललं का ते आपलं राह्यत नाई, लोकायचं होते."

मग केनवडची सभा आली. दुष्काळ नुकताच सरला होता, वर्तमानपत्रांत नरबळीच्या बातम्या होत्या, आणि माझ्या आधीच्या वक्त्यानं तंत्र म्हणजे लेकरं कापणं असं सांगून टाकलं. मी उठलो, तापलो, आणि शेवटी म्हणालो, "तंत्र बघायचं असेल तर स्मशानात जाऊ नका, रिठदच्या दवाखान्यात जा. तुमची लेकरं जन्मताना ज्यांनी झेलली, ते हात तांत्रिक बाईचे आहेत." टाळ्या थांबेनात.

त्यानंतर बाळंतिणी तुमच्याकडे येईनाशा झाल्या. आल्या त्या सवतीचं वाटोळं करायला काही द्या म्हणणाऱ्या. एक सासू पोटुशी सुनेला दारातूनच फिरवताना मी ऐकली: "पोटाले हात लावू देऊ नको तिले. काय करून ठेवन, काय सांगाव." तुम्ही हात धुऊन तयार उभ्या होतात. त्या हातांचं काय करावं ते तुम्हाला सुचेना, मग तुम्ही ते पुन्हा धुतलेत. पुढे बदली मागून मंगरूळपीरला गेलात, लशींच्या नोंदी ठेवायच्या कामावर. त्यानंतर तुम्ही एकही बाळंतपण केलं नाही.

तुमच्या रिठदहून निघायच्या दिवशी विधवा बाईनं मला सगळ्यांसमोर झाडलं. "बाईचं वाटोळं केलं तू. टाळ्या भेटल्या ना?" तुम्हीच मध्ये पडलात. "जाऊ द्या. बोलन्याच्या भरात निघून गेलं त्याच्या तोंडातून." आणि मला एवढंच म्हणालात, "मंत्र सोडू नका."

सोडला नाही. आज दाढी करताना, बँकेच्या रांगेत तो चालतो. हा मार्ग स्वच्छ आहे हे मी अजूनही कोणाशीही भांडून सांगेन. मी बोललो ते खरंच होतं, पण ते सांगायचं की नाही हे तुमच्या हातात असायला हवं होतं. तुमचं ते "भरात निघून गेलं" मी वर्षानुवर्षं ढालीसारखं वापरलं, लोकांना ऐकवलं, स्वतःलाही. तुम्ही असताना हे कळवायचं धाडस झालं नाही. आता हा कागद कुठे टाकणार. भरात काही निघालं नव्हतं, बाई. रिठदहून केनवडला जाताना एस.टी.त खिडकीशी बसून मी ते वाक्य घोकत होतो, आणि "हात" या शब्दाच्या आधी किती थांबायचं तेही ठरवलं होतं.