आत्याचं बोलावणं

वाघोली,
१० जानेवारी

ती. सौ. वन्सं यांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनच करणार होते. पण बारशापासून तुम्ही माझा फोन उचललेला नाही आणि परिवाराच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलात. ग्रुपवर बारशाच्या निमंत्रणाला तुम्ही दिलेल्या ‘पाहते’ या एका शब्दाच्या उत्तराचा स्क्रीनशॉट कुणीतरी फिरवला, तेव्हापासून मोबाईलवर काही लिहायचं नाही असं तुम्ही ठरवलंय, हे भावोजींकडून कळलं. फोटो कागदाचाही निघतो म्हणा, पण तेवढे कष्ट आपल्या घरात कुणी घेणार नाही.

पाळणाघराच्या तपासणीला तुम्ही येता तेव्हा बोलावं म्हटलं, तर तिथे तुम्ही मला ‘सेविका’ म्हणता. मागच्या वेळी तुम्ही स्वतःच्या भाचीला कडेवर घेतलंत, तिचा वास घेतलात, आणि ‘लाभार्थीचं वजन समाधानकारक’ असं लिहून गेलात. मला हसावं की रडावं कळेना. मग मी चहा ठेवला, तोही तुम्ही नियमात बसत नाही म्हणून घेतला नाहीत.

वन्सं, बाळाला दात आला. बाळच म्हणतो आम्ही अजून. बारशाला पाळणा सजवला, घुगऱ्या शिजल्या, लोक जेवून गेले, पण नाव ठेवायला आत्या नाही म्हणून आईंनी कुणाला पाळण्याजवळ फिरकू दिलं नाही. लेक रुसली तर रुसली, नाव तीच ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला आई ठाऊकच आहेत.

माझी रजा संपून महिना झाला. बाळाला मी पाळणाघरातच घेऊन जाते. तिथे तुमचा शेरा लागलाय, ‘नोंदणीकृत मुले अपुरी’. फेब्रुवारीच्या पडताळणीत पट भरला नाही तर पुढच्या वर्षीचं अनुदान नाही आणि पाळणाघर बंद. माझी नोकरी जाईल ते एक वेळ राहू दे. ती हिरा, सोसायट्यांचे जिने झाडते ती, पाळणाघरात येईपर्यंत मुलीची झोळी जिन्याच्या कठड्याला बांधायची. बंद झालं की परत तिथेच बांधील. तुम्ही येऊन आमच्या बाळाचं नाव ठेवलंत तर पटावर एक तरी नाव वाढेल. या ना हो.

तुमचीच,
ऋतुजा


विश्रांतवाडी,
१६ जानेवारी

चि. सौ. ऋतुजा हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इथून वाघोली तासाभरावर आहे, पोस्टाला चार दिवस लागले. नगर रस्त्याची ट्रॅफिक बघता पोस्टाला दोष देता येत नाही.

आधी ऑफिसचं. मुलं खोलीत मावत नाहीत हे मला दिसतं, पण वरच्यांना खोली दिसत नाही, ॲप दिसतं. ॲपमध्ये ‘बाळ’ ही नोंद एकदाच जाते. दुसरं बाळ टाकलं की ‘लाभार्थी आधीच नोंदलेला आहे’ असं येतं. तुझ्या केंद्रावर एकच बाळ पुन्हा पुन्हा घुसवायचा प्रयत्न चाललाय असं वरून दिसतं आहे. मला साहेबांनी बोलावून विचारलं. मी म्हटलं चौकशी करते. तर कर चौकशी आणि कळव. निधी आलेला आहे, मार्चअखेर खर्चला नाही तर परत जाईल.

आता घरचं. मी रुसलेली नाही. बारशाची पत्रिका माझ्या सख्ख्या भावाने, रविराजने, ग्रुपवर टाकली. त्याच ग्रुपवर त्याने त्या दिवशी जुना फ्रीजही विकायला काढला होता. वर फ्रीज, खाली बारसं. आत्याला बोलवायला घरी यायचं असतं, कुंकू लावायचं असतं. मी हॉलमध्ये पडदे बदलून, पोहे भिजवून चार दिवस वाट बघत बसले. कुणी आलं नाही. मला रडू आलं, आणि ते मी यांनाही कळू दिलं नाही. आता तुला कळलं ते कळलं.

तेव्हा बोलावल्याशिवाय मी येणार नाही. बाळाच्या हिरड्यांना मध चोळू नका, वर्षाच्या आत मध देत नाहीत.

लोभ आहेच, तो कमी झाल्याचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

विजयमाला


वाघोली,
२२ जानेवारी

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

चौकशी केली. कळवते.

बाळं खरीच वेगवेगळी आहेत, मोजून घ्या हवं तर. नावं नाहीत कारण आत्या नाहीत. इथल्या बहुतेक आया बाहेरगावाहून कामाला आलेल्या. हिरा दिवाळीला नाव ठेवायला म्हणून गावी गेली, तर नणंद ऊसतोडीला निघून गेलेली. एकीने व्हिडिओ कॉलवर बारसं केलं. आत्याने तिकडून कुर्र केलं आणि नाव घ्यायच्या आधीच रेंज गेली. एकीची नणंद आमच्यासारखीच, म्हणजे रुसलेली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये.

हे म्हणाले, त्यात काय, मनाला येईल ती नावं टाका. मी तेही बायकांना विचारून बघितलं. कुणी तयार नाही. एकदा खोटं नाव कागदावर चढलं की पुढे शाळेत, आधारला तेच, आणि बदलायला गॅझेट. शिवाय आत्याने न ठेवलेलं नाव लागत नाही असं सगळ्यांचं एकमत. मी शिकलेली बाई, म्हणून मला पुढे केलं समजवायला. पण माझ्याच मांडीवर सात महिन्यांचं बिननावाचं बाळ! सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मग मीही हसले आणि घरी आले.

पोह्यांचं मात्र दोनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, पत्रिका सगळ्यांनाच तशी पाठवली होती. मी म्हटलं, तेच तर. मग जेवले नाहीत. म्हणजे उशिरा जेवले.

मध बंद केला. आई चोळत होत्या, आता तुमच्या नावाने बोटं मोडताहेत.

कृपा असू द्यावी, शेरे कमी द्यावेत.

ऋतुजा


विश्रांतवाडी,
३ फेब्रुवारी

चि. सौ. ऋतुजा हिस,
अ. उ. आ.

पोस्टाला चार दिवस लागतात, म्हणून हे कुरियरने पाठवते आहे. काल दुपारी दारात हिरा. दोन बस बदलून, मुलीला कडेवर घेऊन. मला वाटलं तक्रार घेऊन आली. ती आत आली, पिशवीतून नारळ काढला, कुंकवाची डबी काढली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली की रविवारी पाळणाघरात बारसं आहे, तिला इथे नणंद नाही, तर मॅडमनी आत्या म्हणून यावं. आणि वाकून नमस्कार केला. मी तिला विचारलं, रिक्षाने का नाही आलीस.

पोहे भिजवले. पडदे धुवायला टाकलेले होते.

एवढं रीतीने आलेलं बोलावणं मोडता येत नाही, म्हणून मी येणार आहे. हिराच्या मुलीसाठी येणार आहे. तुमच्याकडून मला बोलावणं नाही, हे लक्षात असू दे.

ऑफिसचं असं की, ज्या मुलांची मी आत्या त्यांची पडताळणी मी करू शकत नाही. उद्या कुणी म्हणेल, पर्यवेक्षिकेने पट भरायला पाळणाघरात बसून नावं वाटली. म्हणून शेजारच्या बीटाचे पर्यवेक्षक वैजनाथ सर यांना लेखी विनंती केली आहे. त्यांनी त्याच दिवशी समक्ष यावं आणि नाव कानाने ऐकून मग लिहावं. ते फार कडक आहेत. मागे त्यांनी स्वतःच्या मेहुणीचं केंद्र नापास केलं, आणि संध्याकाळी तिच्याकडेच जेवायला गेले. त्यांनी नाही म्हटलं तर पाळणाघर गेलं, मग मलाही काही करता येणार नाही. मला रात्रंदिवस तीच धास्ती आहे.

हिराला तू पाठवलंस का, ते खरं सांग.

विजयमाला


वाघोली,
५ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. हेही कुरियरनेच पाठवतो. ऋतुजा समोर बसली आहे.

मी चुकलो असं मला सांगण्यात आलं आहे, आणि विचार केल्यावर मलाही तसंच वाटतं. फ्रीज त्या दिवशी टाकायला नको होता. तो विकलाही गेला नाही.

हिराच्या मुलीला तू नाव ठेवणार आणि माझी मुलगी बाजूला बाळ म्हणून बसणार, हे मला सहन होणार नाही. तू मला शाळेत सोडायचीस, माझं दप्तर धरायचीस. माझ्या लेकीला आत्या नाही असं कसं चालेल गं ताई?

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येतो. कुंकू लावायला पुरुष चालतो का, हे आईला विचारलं. ती म्हणाली, चालत नाही, पण तुला कोण विचारतं. म्हणून आईलाही आणतो. पोहे करू नकोस. कर.

तुझा,
रविराज

ता. क. हिराला ऋतुजाने पाठवलं नाही. पत्ता मात्र दिला, बस नंबरसकट. नारळही आमच्याच घरातला असावा, कारण इथला एक दिसत नाही.


वाघोली,
१२ फेब्रुवारी

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पाठ कशी आहे? रविवारी तुम्ही बाळाच्या कानात कुर्र केलंत आणि आमच्या रीतीप्रमाणे बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले, त्यात दोन माझे होते. एक बारशाचा. दुसरा ‘सेविका’ म्हटल्याचा.

हिराच्या मुलीला पूर्वा नाव ठेवलंत, आमच्या बाळाला मुक्ताई. उठायला लागलात तर सगळ्याजणी आपापली बाळं घेऊन तुमच्यासमोर रांगेत बसल्या. मला वाटलं तुम्ही चिडणार. तर तुम्ही पदर खोचलात आणि पुढच्याला हात केलात. दर नावाला धपाटे! एवढे दिवस शेरे खाल्लेल्या बायका त्या, कुणी हात आखडता घेतला नाही. आम्ही ज्याला मिशाळ म्हणायचो त्या बाळाच्या आईने तर तुमचा जुना शेरा आठवून हाणला, तोंडावरून कळत होतं. तो मिशाळ आता ‘समाधान’ झाला.

तुम्ही गेल्यावर वैजनाथ सर थांबले. आधी म्हणाले, घुगऱ्या पोषण आहाराच्या मेन्यूत नाहीत. मी म्हटलं, सर, घरून आणल्यात. मग त्यांनी एक वाटी घेतली. मग विचारलं की एवढ्या मुलांची एकच आत्या हे नियमात बसतं का. आईंनी त्यांना सांगितलं की आत्या कितीही भाच्यांची असते, भावांची संख्या मोजत नाहीत. त्यांनी त्यावर बराच विचार केला, दुसरी वाटी घेतली आणि नावं लिहिली. ॲपने एकही परत पाठवलं नाही. पण अभिप्राय काय दिला ते बोलले नाहीत. हिरा रोज विचारते, काय झालं. मी सांगते, येईल. मला झोप लागत नाही हो.

मुक्ताई हे नाव कधी सुचलं तुम्हाला? आई विचारत होत्या.

ऋतुजा


विश्रांतवाडी,
२४ मार्च

चि. सौ. ऋतुजा हिस,
अ. उ. आ.

पाळणाघर मंजूर झालं. आदेशाची प्रत तुला ऑफिसातून येईलच, पण त्यांच्या आधी मी कळवते आहे, एवढा पक्षपात चालतो. वैजनाथ सरांचा अभिप्राय असा: ‘मुले प्रत्यक्ष, नावे प्रत्यक्ष. खोली अपुरी.’ त्यामुळे तुला मोठी खोली शोधावी लागणार. भाडं वेळेवर येईल असं मी लिहून देत नाही. हिराला आजच सांग, उद्यापर्यंत थांबू नकोस.

तुझं केंद्र मी सोडलं. अर्ज मीच केला. कारणाच्या रकान्यात ‘नातेसंबंध’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, या केंद्रावर आपले नातेवाईक किती. मी म्हटलं, सगळे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. तपासणीला आता वैजनाथ सर येतील. घुगऱ्या करून ठेवायची गरज नाही, पण केल्यास हरकत नाही.

मुक्ताई हे नाव तू चौथ्या महिन्यात होतीस तेव्हाच मी ठरवलं होतं. तुमच्या बारशाच्या दिवशी दुपारी इथे स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून मी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. कुर्र करूनसुद्धा. हे आईला सांगितलंस तरी चालेल.

पाडव्याला मी येते. आधी पाळणाघरात, मग घरी. तपासणी नाही, त्यामुळे चहा घेईन. रविराजला म्हणावं, त्या शुक्रवारसारखा पुन्हा कुंकवाचा करंडा घेऊन येऊ नकोस, बोलावणं नको. पोरं वाट बघत असतील तेवढं पुरे. मुक्ताईला माझा पापा.

सगळ्यांची आत्या,
विजयमाला

ता. क. पाठ अजून दुखते. त्या समाधानच्या आईचा हात जड आहे.